प्रत्येक धनुष्याला पाठ चिकटवायची सक्ती कशाला?



कापसाची दुसरी वेचणी चालू आहे, मिरचीवर फुलकिडे दिसायला लागलेत. त्यावर उद्या-परवा लिहितो. आज तीरकमठ्यावर लिहितोय. शेतीच्या पानावर धनुष्य कशाला, असं काही जणांना वाटेल. पण घरगुती धनुष्य होतं लाकडाचं नाहीतर बांबूचं, आणि ते लाकूड, तो बांबू आपल्याच बांधावर उभा असतो. तो कधी तोडायचा, कसा वाळवायचा, रेषा कुठे पळते, हे शेतकऱ्याला कळायला पाहिजे. ते दुकानदार ठरवायला लागला की मला बोलावंसं वाटतं.

आधी विषय सांगतो. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे, दोघंही वैयक्तिक जगज्जेते झाले. त्याआधी फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिम्पिकला गेला. तेव्हापासून गावोगावच्या पोरांना धनुष्याचं वेड लागलंय. चांगलं वेड आहे. पण त्या लोकांच्या हातातलं यंत्रासारखं धनुष्य बैलजोडीच्या भावात जातं. आपल्या सातपुड्याच्या पायथ्याला ते कुठून आणणार? म्हणून आमच्याकडच्या काही तरुणांनी ठरवलं, आश्रमशाळेच्या मुलांसाठी दोन डझन धनुष्यं घरीच बनवायची. याला माझा पूर्ण पाठिंबा. बांबू माझ्या बांधावरून न्या म्हणून मी स्वतः सांगितलं.

पण सोबत एक नियम आला. धनुष्य कुठल्याही लाकडाचं असो, मुलाच्या हातात देण्याआधी त्याच्या पाठीवर काचतंतूचं कापड राळेने चिकटवलंच पाहिजे. कापड, राळ, हार्डनर, ब्रश, सगळं एका डबीत मिळतं. आणि ती डबी विकणाराच प्रशिक्षण द्यायला येतो.

या नियमाला माझा विरोध आहे. पाठ चिकटवण्याला नाही, सरसकट चिकटवण्याच्या सक्तीला. का, ते सांगतो.

पाठ म्हणजे कुठली बाजू?

बाण मारताना धनुष्याची जी बाजू निशाणाकडे असते ती पाठ. जी आपल्या तोंडाकडे असते ती पोट. दोरी ओढली की पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. मधे एक थर असतो, त्याला ना ताण ना दाब. पऱ्हाटीची ओली काडी वाकवून बघा. बाहेरच्या बाजूची साल आणि तंतू आधी फाटतात, आतल्या बाजूला सुरकुती पडते. धनुष्याचंही तसंच.

म्हणजे धनुष्य तुटतं ते बहुतेक वेळा पाठीकडून. म्हणून लोकांनी पाठीवर काहीतरी चिकटवायला सुरुवात केली. कुणी कंडरा, कुणी कच्चं चामडं, कुणी बांबूची कामटी, कुणी कापड, आणि आता काचतंतू. कल्पना चुकीची नाही. पण पाठ का तुटते, हे विचारल्याशिवाय चिकटवणं चुकीचं आहे.

पाठ तुटण्याची मुख्य कारणं तीन. एक, लाकडाच्या रेषा मधेच कापल्या गेल्या आहेत. दोन, धनुष्य एकसारखं वाकत नाही, एकाच जागी कोयंडा झाल्यासारखं मोडतं. तीन, धनुष्य आखूड आहे आणि ओढ लांब आहे. यातलं पहिलं कारण कापडाने थोडंफार झाकलं जातं. दुसरं आणि तिसरं जिथल्या तिथे राहतं. कपाशीच्या मुळाला मर लागली असताना पानावर टॉनिक फवारण्यातला हा प्रकार आहे. पान दोन दिवस हिरवं दिसतं, झाड जायचं ते जातंच.

थोडा हिशेब

माझं शिक्षण दहावी. पण हा हिशेब दहावीवाल्याला जमतो. पट्टीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाने बदलतो. जाडी १० टक्के कमी केली तर ताठपणा २७ टक्के उतरतो. उलट बघा. भुजा १५ मिलिमीटर जाड आहे. तिच्यावर त्याच ताकदीचा २ मिलिमीटरचा थर चढवला, जाडी झाली १७. ताठपणा वाढला जवळजवळ ४५ टक्के. म्हणजे १५ पौंड ओढीचं, मुलाला झेपणारं धनुष्य २१-२२ पौंडावर गेलं.

आता मुलाने तेच धनुष्य पूर्वीइतकंच वाकवलं तर? जाड पट्टी तितकीच वाकवली की पृष्ठभागावरचा ताण आणि दाब वाढतो. १५ चे १७ झाले म्हणजे साधारण १३ टक्के वाढ. म्हणजे तयार झालेल्या धनुष्यावर थर चढवला आणि पोटाकडून लाकूड उतरवून पुन्हा तोल साधला नाही, तर आपण धनुष्याचं ओझं वाढवलं. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. आमच्याकडे थर शेवटी चढवतात, रंगासारखा. धनुष्य बनवून झालं, पॉलिश झालं, मग कापड. हा क्रमच उलटा आहे.

काचतंतूची अजून एक खोड. ते ताणाला लाकडापेक्षा खूपच ताठ असतं. पाठ ताठ झाली की मधला बिनताणाचा थर पाठीकडे सरकतो आणि जास्त लाकूड दाबाखाली येतं. मग पाठ शाबूत राहते आणि पोट चिरडतं. पोटावर आडव्या बारीक सुरकुत्या दिसायला लागतात. धनुष्य दोरी काढल्यावरही वाकलेलं राहतं. मारा मंद होतो. पोरगं म्हणतं माझा बाण पोचत नाही, आणि शिकवणारा म्हणतो तुझा हात कच्चा आहे. हात कच्चा नसतो, पोट चेचलेलं असतं.

बांबूला पाठ आधीच आहे

आता मुख्य मुद्दा. दोन डझनातली बहुतेक धनुष्यं मानवेल बांबूची होणार आहेत. बांबूचा आडवा तुकडा कापून नीट बघा. आतल्या बाजूला काळसर ठिपके विरळ दिसतात, बाहेर सालीकडे ते दाट दाट होत जातात. ते ठिपके म्हणजे तंतूंचे जुडगे. बांबूची सगळी ताकद सालीलगत असते, कारण उभ्या बांबूला वारा वाकवतो तेव्हा सर्वांत जास्त ताण तिथेच येतो. धनुष्याच्या पाठीला जे हवं, ते बांबूने स्वतःसाठी आधीच करून ठेवलंय.

म्हणून भिल्ल-पावरा समाजातली जाणती माणसं कमठा करताना सालीची बाजू निशाणाकडे ठेवतात आणि लाकूड काढायचं ते आतून काढतात. पेराची गाठ पाठीकडून तासत नाहीत. दोरीसुद्धा बांबूच्याच चिवट पट्टीची करतात. त्यांच्याकडे पाठ चिकटवत नाहीत याचा अर्थ त्यांना ते माहीत नव्हतं असा नाही. त्यांना गरज नव्हती.

आणि आपल्याकडे काय होतं? राळ चिकटावी म्हणून बांबूची गुळगुळीत साल पॉलिशपेपरने घासतात. जोराने घासलं की तंतूंचा सर्वांत चांगला थर निघून जातो. गाठी सपाट करतात, म्हणजे गाठीवरून जाणारे तंतू कापले जातात. मग त्या जखमी पाठीवर काचतंतू. देवाने दिलेली पाठ काढायची आणि बाजारातली लावायची. वर म्हणायचं, बघा किती मजबूत झालं.

लाकडाचं असेल तर?

परदेशी व्हिडिओ बघून पोरं म्हणतात, पाठीवर एकच वार्षिक वलय अखंड ठेवायचं. ते बरोबर आहे, पण त्यांच्या झाडांसाठी. तिकडे कडक थंडीत वाढ थांबते, वलयं स्पष्ट उमटतात. आपल्याकडे सागाची वलयं दिसतात, पण बाभळीसारख्या पुष्कळ झाडांत ती नीट ओळखू येत नाहीत. पोरं नसलेलं वलय शोधत पटाशीने पाठ खणत बसतात आणि रेषा तोडून टाकतात.

आपल्या झाडांना सोपा उपाय आहे. लाकूड असं निवडा की सालीखालचाच पृष्ठभाग पाठ म्हणून वापरता येईल. साल हळू सोला, खालच्या लाकडाला हत्यार लावू नका. तो थर झाडाने अखंड तयार केलेला असतो. फक्त भुंगेरा लागलेला नाही ना ते बघा, कारण बाहेरचं पांढरं लाकूड किडीला आधी बळी पडतं. बाभळीत तर हमखास.

धामणीचं लाकूड मिळालं तर उत्तम. कुऱ्हाडीच्या दांड्याला आपण धामण का शोधतो? चिवट असते, झटका खाते म्हणून. संस्कृतात या झाडाचं नाव धन्वन आहे, ते उगाच नाही. पण जंगलातली धामण परवानगीशिवाय तोडू नका. बांधावरच्या बांबूचं तसं नाही. २०१७ साली भारतीय वन अधिनियमात बदल झाला आणि वनक्षेत्राबाहेरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून निघाला. आणि हे धनुष्य निशाणावर मारण्यासाठी आहे. रानडुकराने कितीही त्रास दिला तरी १९७२ चा वन्यजीव कायदा लक्षात ठेवा.

जगात कुणी पाठ बांधली, कुणी नाही

पुतण्या माझा बी.एस्सी. ॲग्री आहे. तो म्हणाला, "काका, मोगलांची, तुर्कांची धनुष्यं बघा. पाठीला कंडरा, पोटाला शिंग. जगातली सर्वांत भारी धनुष्यं. म्हणजे पाठ लागतेच ना?"

मी म्हटलं, "बाळा, ते घोड्यावरून मारायचे. घोड्यावर लांब धनुष्य अडतं. आखूड धनुष्य आणि लांब ओढ पाहिजे, तर एकट्या लाकडाला ते झेपत नाही. म्हणून कंडरा आणि शिंग. आपली पोरं शाळेच्या मैदानावर उभी राहून मारणार आहेत."

उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांचं बघा. तिथे झाडंच नाहीत. समुद्राने वाहून आणलेलं ठिसूळ लाकूड हाच त्यांचा माल. म्हणून ते कंडरेच्या दोऱ्या वळून धनुष्याच्या पाठीवर उभ्या बांधायचे. गरजेतून आलेली हुशारी ती.

आता दुसरी बाजू. इंग्लंडचं मेरी रोझ नावाचं लढाऊ जहाज १५४५ साली बुडालं. १९८२ साली ते वर काढलं. त्याच्या अवशेषांत शंभराहून जास्त लांब धनुष्यं सापडली. पुरुषभर उंचीची, मोठ्या ताकदीची, यू नावाच्या झाडाची. एकालाही वेगळी पाठ चिकटवलेली नव्हती. पाठीकडे झाडाचं पांढरं बाहेरचं लाकूड, पोटाकडे लाल गाभा. एकाच फळीत ताण घेणारं आणि दाब घेणारं लाकूड निवडून घेतलं होतं. डेन्मार्कच्या होल्मगार्ड दलदलीत सापडलेली एल्मच्या लाकडाची धनुष्यं तर सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीची. तीही एकाच लाकडाची.

यातून मला एवढंच कळतं. लाकूड चांगलं आणि लांबी पुरेशी, तिथे लोकांनी पाठ बांधली नाही. लाकूड वाईट किंवा धनुष्य आखूड, तिथे बांधली. आमच्याकडे बांबू चांगला आहे आणि लांबीला कोणी अडवलेलं नाही. मग कशासाठी?

आणि कंडरेची गोष्ट निघालीच आहे तर सांगतो. ती सरसाने चिकटवतात. सरस आणि कंडरा दोन्ही ओल धरतात. कोरड्या मुलखात ठीक. आपल्या श्रावण-भाद्रपदात ते धनुष्य ढिलं पडतं.

पोरांच्या सुरक्षिततेचं काय?

समोरच्यांचा सर्वांत जोरदार मुद्दा हा, आणि तो मी टाळणार नाही. ते म्हणतात, धनुष्य तुटलं आणि तुकडा पोराच्या डोळ्यात गेला तर? पाठीवर कापड असेल तर तुटलेले तुकडे धरून ठेवतं. पुतण्या म्हणाला, "काका, ही बीजप्रक्रिया समजा. थोडक्या खर्चात विमा."

कापड तुकडे धरून ठेवतं हे खरं आहे. पण बीजप्रक्रियेचंच उदाहरण घेतलं तर मी विचारतो, बीजप्रक्रियेच्या आधी आपण काय करतो? १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघतो. ७० च्या आत उगवले तर सोयाबीनचं ते बियाणं आपण पेरत नाही, त्याला कितीही लाल-गुलाबी औषध लावलेलं असू दे. इथे उगवण चाचणी कुणी करत नाही आणि रंग मात्र सगळ्यांना. नियमात लिहिलंय "पाठ चिकटवलेली असावी". लाकडाच्या रेषा तपासा, लांबी मोजा, तोल बघा, हे कुठे लिहिलंय? कुठेच नाही. कापड लागलं की तपासणी झाली असं सगळे धरून चालतात. मला भीती याची वाटते.

दुसरं, उघडी पाठ बोलते. तंतू उचलायला लागला की तो दिसतो, हाताला लागतो. आपल्याकडे तर तपासणीचं साधन घरात आहे. सरकी काढलेल्या कापसाचा पुंजका घ्या आणि पाठीवरून टोकापासून टोकापर्यंत हळू फिरवा. जिथे तंतू उचलला असेल तिथे कापूस अडकतो. ते धनुष्य त्या दिवसापासून बाजूला. कापडाखालचा तंतू असा सापडत नाही. राळ पारदर्शक असते म्हणाल, तर वरून काळा नाहीतर लाल रंग मारल्याशिवाय आपल्याकडे कुणाचं समाधान होत नाही.

गेल्या संक्रांतीला एक कापड लावलेलं धनुष्य माझ्यासमोर मोडलं. कुणाला लागलं नाही. मी तुकडे घरी आणून कापड सोलून बघितलं. फळीच्या रेषा तिरक्या पळत होत्या, मुठीपासून वीतभर अंतरावर त्या कडेने बाहेर निघाल्या होत्या. फाट अगदी त्याच रेषेने गेली. ती फळी पहिल्याच दिवशी चुलीत जायला हवी होती. कापड होतं म्हणून ती मैदानात गेली.

तिसरं, काचतंतूचं कापड कापताना, घासताना त्याची भुकटी उडते. अंगाला खाजते, श्वासात जाते. हार्डनर हाताला लागला तर कातडी खराब होते. आमच्याकडे हे काम चौदा-पंधरा वर्षांची पोरं उघड्या हाताने, तोंडाला रुमालही न बांधता करतात. सुरक्षिततेसाठी आणलेल्या वस्तूची ही सुरक्षितता.

मग पोरांसाठी काय करायचं? माझं म्हणणं असं.

१. ओढ कमी ठेवा. शिकणाऱ्या मुलाला ५ ते ७ किलो पुष्कळ झाली. कापूस मोजायचा ताणकाटा दोरीला अडकवा आणि मोजा.

२. लांबी वाढवा. मुलाची ओढ जेवढी, त्याच्या दुपटीपेक्षा जास्त धनुष्य पाहिजे. २२ इंच ओढीला साडेचार फूट तरी ठेवा. बांबू अर्धा फूट जास्त घेतला तर काय बिघडतं? ही सर्वांत स्वस्त पाठ आहे.

३. दोन्ही भुजा सारख्या वाकतात का, ते भिंतीवर टांगून, दोरी ओढून, लांबून बघा. एका जागी कोन दिसला तर तिथे हत्यार लावू नका, बाकीची जागा उतरवा.

४. ज्या मुलासाठी बनवलं त्याच्याच हातात द्या. बाणावर खूण करा, त्यापुढे ओढायचं नाही. लहान पोराचं धनुष्य थोराड पोराने कानापर्यंत ओढलं की पाठ काय, काहीच वाचवत नाही.

५. बाण न लावता दोरी ओढून सोडायची नाही.

६. दर आठवड्याला कापसाचा पुंजका फिरवायचा आणि वहीत तारीख टाकायची.

मी स्वतः पाठ कधी चिकटवेन

विरोध करतो म्हणजे आंधळा करतो असं नाही. गावात ठिबक पहिल्यांदा कुणी टाकलं ते विचारा. पुढच्या परिस्थितीत मी पाठ चिकटवेन.

- दुकानातून आणलेली कापीव फळीच हाताशी आहे आणि तिच्या रेषा कडेने थोड्या बाहेर जातात. घट्ट विणीचं जवसाचं किंवा सुती कापड सरसाने, पातळ. रेषा फारच तिरक्या असतील तर फळीच बाद.
- चांगल्या लाकडाच्या पाठीला कुठे कोयत्याचा वार बसलाय किंवा किडीने थोडं कोरलंय, आणि बाकी लाकूड उत्तम आहे.
- लाकूड दाब चांगला घेतं पण ताण घेत नाही. अशा वेळी बांबूची २-३ मिलिमीटरची पातळ कामटी, साल बाहेरच्या बाजूला ठेवून. पण पोटाचं लाकूड कणखर पाहिजे, नाहीतर बांबू त्याला चेचून टाकतो.
- धनुष्य आखूडच पाहिजे अशी खरी गरज आहे. हे काम जाणकाराचं, शाळेच्या पोरांचं नाही.

आणि चारही वेळा पाठ आधी चिकटवायची, तोल नंतर साधायचा. थर शेवटी चढवायचा नाही. स्पर्धेला न्यायचं असेल तर काहीही चिकटवण्याआधी त्या स्पर्धेचे नियम वाचा.

कृषी मित्रांना दोन शब्द

या पानावर कृषी विद्यापीठातली, विस्तार खात्यातली मंडळी आहेत. तुम्हाला विनंती. तुम्ही आम्हाला नेहमी सांगता, नवीन औषधाची शिफारस मान्य करण्याआधी कंट्रोल प्लॉट ठेवा. मग इथेही ठेवा. एकाच बेटातला, एकाच वयाचा बांबू घ्या. सहा धनुष्यं करा. तिघांना काचतंतू, तिघं तशीच. ओढ सगळ्यांची सारखी करा. प्रत्येकाने ५०० बाण मारा. मग दोरी काढून सपाट भिंतीला लावा आणि किती मिलिमीटर वाकलेलं राहिलं ते मोजा. बाण किती लांब गेला ते मोजा. पोटावर सुरकुत्या आल्या का, ते भिंगाने बघा. आकडे माझ्या विरोधात गेले तर ते मी याच पानावर छापतो. पण आकड्याशिवाय सक्ती नको.

आणि बांबूकडे लक्ष द्या. खरा फरक तिथे पडतो. आमच्याकडे पहिल्या वर्षाचा कोवळा बांबू सरळ दिसतो म्हणून तोडतात. तो वाळल्यावर आकसतो, तडकतो, त्याला भुंगा लागतो. तीन-चार वर्षांचा पक्का बांबू पाहिजे. नवीन कोंब आला की त्यावर रंगाने साल टाकून ठेवा, म्हणजे वय विचारावं लागत नाही. पाऊस संपल्यावर, थंडीत तोडा. काही दिवस वाहत्या पाण्यात बुडवून ठेवला तर त्यातलं पिष्ट निघतं आणि भुंगा कमी लागतो. मग सावलीत, उभा करून, काही महिने वाळवा. आज कापून उद्या धनुष्य, असं होत नाही. ओलं लाकूड वाकतं तसंच राहतं, मग त्याला वरून काय चिकटवता?

एका राळेच्या डबीच्या पैशात बांबूची किती रोपं येतील, हिशेब करा. ती बांधावर लावली तर आज पहिलीत असलेल्या पोरांना सहावी-सातवीत जाईपर्यंत पक्क्या बांबूची धनुष्यं मिळतील, दरवर्षी मिळत राहतील. राजस्थानच्या उदयपूर भागातला लिंबाराम असंच साधं बांबूचं धनुष्य हातात घेऊन सुरुवात करून १९८८, १९९२ आणि १९९६ अशा तीन ऑलिम्पिकला गेला. पुढे त्याला आधुनिक धनुष्य मिळालं हे खरं. पण नजर आणि हात तयार झाले ते बांबूवर.

माझी मागणी साधी आहे. नियमातलं "पाठ चिकटवलेली असावी" हे वाक्य काढा. त्या जागी लिहा: "लाकूड निवडताना रेषा तपासलेली असावी, लांबी ओढीच्या दुपटीहून जास्त असावी, दोन्ही भुजा सारख्या वाकाव्यात, आणि तपासणीची वही असावी." पाठ चिकटवायची की नाही हे त्या लाकडाकडे बघून, कोयता लावायच्या आधी, ज्याने ते हातात घेतलंय त्याने ठरवावं.

येत्या रविवारी तरुण मंडळी माझ्या बांधावर बांबू निवडायला येणार आहेत. डबीवाल्यालाही बोलावलंय. त्याने यावं, आमच्या गावातले जुने कमठेवाले आजोबाही येणार आहेत, समोरासमोर बोलू. ज्यांना पटत नाही त्यांनी खाली लिहा, पण "आमच्याकडे सगळे लावतात" एवढंच लिहू नका. धनुष्याची लांबी, ओढ आणि लाकूड कुठलं, हे लिहा. मग बोलायला मजा येईल.

उद्या मिरचीच्या फुलकिड्यांवर.

राम राम.